वाचक विचारतात : पूर कोणाच्या घरी किती दिवस राहतो?

ऑगस्ट २०२४च्या पुरानंतर बडोद्याच्या विश्वामित्री नदीवरची पत्रं येतच आहेत. नदी रुंद करावी का, आजवा जलाशयाचं पाणी कधी सोडावं, या विषयांवर शहरात बोलणारे पुष्कळ आहेत. ती पत्रं बाजूला ठेवली. इथे घेतले आहेत ते प्रश्न एकाच पाण्यात कोण किती बुडतं आणि मग कोण कसं वर येतं याचे.

प्रश्न : त्या पुरात समा, अकोटा, कलालीकडचे बंगलेसुद्धा बुडाले. लाखोंच्या मोटारी पाण्याखाली गेल्या. मग ‘गरिबांना फटका जास्त’ हे म्हणणं आता जुनं झालं नाही का?
— एक निवृत्त बँक अधिकारी, दांडिया बाजार

उत्तर : रुपयांत मोजलं तर तुमचं म्हणणं खरं आहे. काळा घोडा पुलापाशी धोक्याची पातळी २६ फूट. नदी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा बंगला काय आणि चाळ काय. पण तुम्ही बँकेतले, तेव्हा खतावणीच मांडू. समजा एका घराचं ४ लाखांचं नुकसान झालं, विम्याचे ३ लाख आले, महिन्याची मिळकत १ लाख. म्हणजे खिशातून गेला एका महिन्याचा पगार. दुसऱ्या घरात महिन्याला १२ हजार येतात. गाद्या, धान्य, फ्रिज, शिलाई मशीन मिळून ४० हजारांचं गेलं, विमा नाही. इथे तीन महिन्यांहून जास्त कमाई गेली, आणि तेही काम सुरू राहिलं असं धरून. हे ४० हजार महिना ५ टक्क्यांनी उचलले तर नुसतं व्याज २ हजार. वर्षभरात आणखी दोन महिन्यांची कमाई व्याजात. नुकसानीच्या तक्त्यात मात्र पहिलं घर दुसऱ्याच्या दसपट दिसणार.

मदतही बहुधा मालमत्तेच्या मागोमाग जाते. सप्टेंबर २०२४मध्ये राज्य सरकारने बडोद्यातल्या धंदेवाल्यांसाठी जे पॅकेज दिलं त्यात लारीवाल्याला (हातगाडीवाल्याला) ५ हजार, ४० चौरस फुटांपर्यंतच्या केबिनला (टपरीला) २० हजार, त्याहून मोठ्या केबिनला ४० हजार, महिन्याला ५ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या पक्क्या दुकानाला ८५ हजार होते. त्याच्या वरच्यांना २० लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन वर्षं ७ टक्के व्याजाची सवलत, जास्तीत जास्त ५ लाख. दुकानदाराचं नुकसान मोठं, त्याला जास्त मिळावं यात काही गैर नाही. पण दुकानात रोजावर माल उतरवणारा, लारीवर हाताखाली असलेला पोऱ्या, चार घरी भांडी घासणारी बाई यांचे आठ-दहा दिवसांचे रोज बुडाले, त्यांच्यासाठी त्या यादीत रकानाच नव्हता. ज्याचं काही बुडण्याजोगं नव्हतं त्याचं काही बुडालं नाही, असं कागद म्हणतो.

प्रश्न : आम्ही नदीजवळच्या चाळीत भाड्याच्या खोलीत राहतो. भाडेकरार नाही, लाइटबिल मालकाच्या नावावर. सर्वेवाले आले तेव्हा मालकाने स्वतःचं नाव लिहून दिलं. आमच्या हाती काही आलं नाही. पुढच्या वेळी काय करावं?
— एक वाचक, सयाजीगंज

उत्तर : आधी एक गोष्ट वेगळी करा. घराच्या पडझडीची मदत घराला मिळते, म्हणजे मालकाला. घरवखरीची मदत, म्हणजे कपडे आणि भांडी-सामानाची, तिथे राहणाऱ्या कुटुंबाला मिळते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२-२३ ते २०२५-२६चे निकष पाहा : घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्यात राहिलं तर कुटुंबाला कपड्यांचे २,५०० आणि भांडी-सामानाचे २,५००. तिथे शब्द कुटुंब असा आहे. मालकाने आपलं नाव दिलं तरी तुमचा हक्क जात नाही, फक्त तो मांडणारं कोणी नव्हतं.

पडझडीचे आकडेही माहीत असू द्या. सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार, निदान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५००, कच्च्याला ४,०००, झोपडीला ८,०००. त्याखाली एक टीप आहे आणि खरा घोळ तिथे होतो : घर अधिकृत बांधकाम असलं पाहिजे आणि तसा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला हवा. कोतरात (नदीकाठच्या घळीत) किंवा कांसेच्या, म्हणजे पावसाळी नाल्याच्या, काठावर पंचवीस वर्षं राहणाऱ्याकडे घरवेऱ्याची (घरपट्टीची) पावती असते, लाइटचं मीटर असतं, मतदार ओळखपत्र असतं, पण ‘अधिकृत’ असा शिक्का नसतो. म्हणजे सर्वांत सखल जागेत, सर्वांत हलकं घर बांधून राहणारा नेमका या अटीत अडकतो. अशा कुटुंबांनी पडझडीच्या अर्जासोबत घरवखरीचा अर्ज वेगळा द्यावा. एकात अडलं म्हणून दुसरं अडायला नको.

आता ‘दोन दिवसांहून जास्त’ हे सिद्ध कसं करायचं? सर्वेवाला येतो तेव्हा पाणी ओसरलेलं असतं, भिंतीवर चिखलाची रेघ उरते, ती दिवस सांगत नाही. म्हणून पाणी शिरताना, दुसऱ्या दिवशी आणि उतरताना असे तीन फोटो हवेत, तारीख-वेळ दिसेल असे. फोटोत घराचा नंबर किंवा मीटरचा नंबर आणि पाणी एकाच चौकटीत यावं. नुसत्या पाण्याचा फोटो कुठलाही असू शकतो. तुम्ही आसऱ्याला गेला असाल तर पहिल्या मजल्यावर थांबलेल्या शेजाऱ्याला सांगून ठेवा. पाणी गेल्यावर लगेच धुवायला घेऊ नका. सामान एका जागी मांडून फोटो, मग वहीत यादी : वस्तू, किती, अंदाजे कधी घेतली. गादी सडून वास मारते, ती सर्वेपर्यंत ठेवता येत नाही, ठेवूही नये. फोटो काढून, यादीवर दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन टाकून द्या.

राहत असल्याचा पुरावा म्हणून करारच हवा असं नाही. रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, मुलाच्या शाळेतला पत्ता, ममता कार्ड (गरोदरपण-लसीकरणाचं), दवाखान्याचा केसपेपर, भाडं मोबाइलवरून दिलं असेल तर त्या नोंदी, यांपैकी तीन जुळले की नाकारणं अवघड जातं. पण करार करून घ्याच. अकरा महिन्यांचा, नोटरी केलेला. मालक टाळत असेल तर निदान भाडं रोख न देता खात्यावर द्या.

अर्ज दोन प्रतींत. एकीवर आवक नंबर आणि शिक्का घ्यायचा, तो घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. महिना-दीड महिन्यात काही कळलं नाही तर माहिती अधिकारात तीनच गोष्टी विचारा : माझ्या पत्त्याचा सर्वे कोणत्या तारखेला झाला, कोणाचं नाव लिहिलं, रक्कम कोणत्या खात्यात गेली. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं; दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही. आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ याचं कलम ६१ सांगतं की मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यावरून भेदभाव करता येणार नाही. वस्तीची एक गल्ली सर्वेतून गाळली गेली असेल तर हे कलम अर्जात नावानिशी लिहा.

मंजूर झालेली रक्कम परत गेल्याचीही उदाहरणं भरपूर. खातं दोन वर्षं वापरलं नाही म्हणून निष्क्रिय, केवायसी राहिलेलं, आधारवर एक नाव आणि पासबुकात दुसरं. हे जूनच्या आत पाहून घ्यायचं काम आहे. पुरानंतर बँकेत रांग असते आणि कागद चिखलात असतात.

कागदांचंही एकदाच सांगतो. डिजिलॉकरमध्ये आधार, पॅन, लायसन्स घालून ठेवा. बाकीच्यांचे फोटो काढून गावाकडच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा, कारण मोबाइलही बुडतो. मूळ कागद झिपच्या पिशवीत, ती पिशवी उलटी करून दुसऱ्या पिशवीत. एका झिपमधून पाणी शिरतंच. भिजलेले कागद एकमेकांपासून ओढून काढू नका, इस्त्री तर मुळीच फिरवू नका. वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून सावलीत सुकवा, घड्या दर दोन-तीन तासांनी बदला.

प्रश्न : आमचं मूळ गाव उमरगा तालुक्यातलं. किल्लारीच्या भूकंपात वाडेवाले गेले आणि झोपड्यांतले वाचले असं घरी ऐकत आलो. मग भूकंपाला तरी राव-रंक सारखेच म्हणायचे ना?
— एक प्राध्यापक, कारेलीबाग

उत्तर : ऐकलंत ते खरं आहे आणि ‘गरिबी म्हणजे धोका’ असं सरसकट म्हणणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे सुमारे दहा हजार माणसं गेली ती मुख्यतः दगड-मातीच्या भिंतींखाली. भिंत दोन-अडीच फूट जाड, पण ती एकसंध नव्हे : बाहेरचा एक थर, आतला एक थर, मध्ये गोटे आणि माती, आणि दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नाहीत. वर लाकडी माळवद, त्यावर उन्हाळ्यात गारवा राहावा आणि गळू नये म्हणून दर वर्षी टाकलेल्या मातीचे थर. धक्का बसला की थर फाकले आणि टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. कुडाची छपरं हलकी. ती बहुतेक टिकली, पडली तरी जीव गेला नाही. थोडं बरं चाललेल्या घरानेच भिंत जाड आणि माळवद जड केलं होतं.

पण गोष्ट पहाटेपाशी संपत नाही. पुनर्वसनात नवी घरं जमिनीच्या प्रमाणात दिली गेली : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४५०, सात हेक्टरच्या वर असलेल्यांना ७५०. गावाची उतरंड नव्या गावठाणात जशीच्या तशी आखली गेली, या वेळी सरकारी नकाशावर. ज्यांची झोपडी वाचली त्यांचं शेतमजुरीचं काम मात्र मालकाच्या घराबरोबर गेलं होतं.

२६ जानेवारी २००१च्या कच्छच्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत मध्यमवर्गीयांच्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या कित्येकींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा, नुसते खांब. वरचे मजले भिंतींमुळे ताठ आणि खालचा लवचीक, त्यामुळे सगळी हालचाल खांबांच्या टोकांवर आली. तिथे पैसा होता, पण इमारत तपासणारी नजर नव्हती. देशांची तुलना केली तर ते आणखी स्पष्ट होतं. जानेवारी २०१०मध्ये हैतीत ७.० तीव्रतेचा भूकंप झाला, मृत्यू लाखाच्या वर. पुढच्याच महिन्यात चिलीत ८.८चा, म्हणजे ऊर्जेने सुमारे पाचशे पट. मृत्यू पाचशेच्या आसपास. चिलीत भूकंपाचे बांधकाम-नियम होते आणि ते पाळले जात होते. हैतीत दोन्ही नव्हतं.

प्रश्न : आमच्या सोसायटीने आतला रस्ता दीड फूट उचलला, कंपाउंडची भिंत पक्की केली आणि पंप बसवला. मागच्या वस्तीचे लोक म्हणतात की त्यामुळे त्यांच्याकडे पाणी वाढलं. आम्ही आपलं घर वाचवलं, यात आमचा काय दोष?
— सोसायटीचे सेक्रेटरी, फतेहगंज

उत्तर : दोष राहू द्या, हिशेब करू. सोसायटीची जागा ४,००० चौरस मीटर धरली आणि ती ४५ सेंटिमीटर उचलली, तर पूर्वी तिथे जे १,८०० घनमीटर, म्हणजे १८ लाख लिटर पाणी मावत होतं ते आता मावत नाही. मागची वस्ती ६,००० चौरस मीटरची आणि चारी बाजूंनी अडलेली असेल तर तेच पाणी तिथे एक फूट चढतं. नदीच फुटून सगळा भाग एक झाला असेल तेव्हा तुमच्या भरावाने फारसा फरक पडत नाही. पण नदी शांत आहे आणि दोन तासांत पाच-सहा इंच पाऊस पडला, असा प्रसंग जास्त वेळा येतो, आणि त्यात पडतो. वस्तीवाले सांगतात ते गणितात बसतं.

पंपाचं तोंड कुठे आहे ते पाहा. ते रस्त्यावर किंवा भिंतीपलीकडे असेल तर तुम्ही पाणी काढत नाही, शेजारच्या घरात ओतता. ते पावसाळी गटाराच्या चेंबरमध्ये न्या. मागच्या भिंतीला जमिनीलगत जाळीची तोंडं ठेवून दोन्ही बाजूंचं पाणी एका नळीने कांसेत नेता आलं तर खर्च दोघांनी वाटून घेण्यासारखा आहे. वॉर्ड ऑफिसला अर्जही दोघांचा मिळून जावा. एकट्या वस्तीच्या अर्जापेक्षा त्यावर सोसायटीचं लेटरहेड असलं की फाइल लवकर हलते. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसं होतं.

आणि कांसेचं मूळ दुखणं समजून घ्या. भूखी, रूपारेल, मसिया या कांसा शहराचं पाणी विश्वामित्रीत नेतात. नदी चढली की कांसेच्या तोंडाशी नदीचं पाणी उंच होतं, उतार उलटा होतो आणि नदीपासून दीड-दोन किलोमीटर आतल्या गल्लीत पाणी मागच्या पावलांनी येतं. ज्यांच्या घरी संडासातून पाणी वर आलं त्यांचं हेच. घरातल्या शेवटच्या चेंबरवर उलटं पाणी अडवणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा आणि त्याची झडप दर मे महिन्यात उघडून साफ करा. एक चिंधी अडकली तरी तो निकामी. व्हॉल्व्ह नसेल तर संडासाच्या भांड्यात आणि मोरीच्या जाळीवर वाळूची पोती. पोतं दोन-तृतीयांशच भरायचं, गच्च भरलं तर ते बसत नाही आणि फटी राहतात. दारापाशी रचताना विटांसारखे सांधे चुकवायचे, आत प्लास्टिकचा ताव, त्याची खालची कड पहिल्या थराखाली.

प्रश्न : प्रशासन भोंगे लावून सांगतं, बोटी येतात, तरी नदीकाठचे लोक घर सोडत नाहीत. हा निव्वळ हट्टीपणा नव्हे का?
— एक वाचक, अलकापुरी

उत्तर : त्यांच्या जागी बसून पाहा. तुम्ही निघताना कुलूप लावता आणि बहिणीकडे जाता. ते निघतात तेव्हा पत्र्याच्या दाराला कुलूप असून नसून सारखं. आत शिलाई मशीन, शेगडी, दोन शेळ्या. शेळ्या शाळेतल्या निवाऱ्यात घेत नाहीत. निवाऱ्यात दोनशे माणसांना दोन संडास, दाराला कडी नाही, रात्री दिवा नाही. तरुण मुलगी असलेली आई घराच्या माळ्यावर बसून राहणं पसंत करते. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर त्याला कंबरभर पाण्यातून कोणी आणि कशावर न्यायचं हे भोंगा सांगत नाही. केशडोल, म्हणजे सरकारचा रोजचा रोख भत्ता, तोही पाहा : २०२३च्या बिपरजॉय चक्रीवादळाच्या वेळी राज्यात मोठ्या माणसाला दिवसाला १०० आणि मुलाला ६० रुपये होते. रोजावर जगणाऱ्याचा बुडालेला रोज त्यात निघत नाही.

पण लोक निघतात, हेही त्याच बिपरजॉयने दाखवलं. १५ जून २०२३ला ते कच्छच्या जखौजवळ किनाऱ्याला लागलं, त्याआधी एक लाखाच्या आसपास माणसं हलवली होती. ९ जून १९९८ला याच जिल्ह्यात कंडल्याला वादळ आलं तेव्हा सरकारी नोंदीतच हजाराहून जास्त माणसं मेली. त्यांत मिठागरांतले आणि बंदरावरचे मजूर मोठ्या संख्येने होते, कित्येक परप्रांतातून आलेले, ज्यांची नावं ना मुकादमाकडे पुरती होती ना मतदार यादीत. ज्यांची गणतीच नव्हती त्यांना निरोप कोण देणार, आणि मेल्यावर हुडकणार कोण? मधल्या पंचवीस वर्षांत २००१चा भूकंप झाला, राज्याचं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आलं, २००३चा राज्याचा कायदा आला, हवामानाचा अंदाज सुधारला. पण कामाला आली ती मिठागरापर्यंत जाऊन माणसं मोजणारी आणि बसमध्ये बसवणारी यंत्रणा.

वस्तीत काम करणाऱ्या मंडळांनी मे महिन्यात तीन याद्या कराव्यात. आधाराशिवाय चालू न शकणारे. सातव्या महिन्यापुढच्या गरोदर बायका. डायलिसिस आणि इन्सुलिनवाले. यांना काळा घोड्याची पातळी २६वर जाण्याची वाट न पाहता, १८-२० फुटांना आणि वरून पाणी येतंय अशी बातमी असेल तर लगेच नातेवाइकांकडे हलवायचं. न चालणाऱ्या माणसासाठी हात असलेली प्लास्टिकची खुर्ची, तिच्या पायांना आडवे दोन बांबू घट्ट बांधून. चार माणसं लागतात, एकदा कोरड्यात सराव करून ठेवायचा. इन्सुलिनची चालू बाटली २५-३० अंशांच्या खाली सुमारे चार आठवडे टिकते, तेव्हा वीज नसेल तर ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवली तरी चालते. निवाऱ्यासाठी सर्वमान्य आंतरराष्ट्रीय मापं आहेत : माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, सुरुवातीला निदान ५० जणांमागे आणि लवकरात लवकर २० जणांमागे एक संडास, बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट. शाळेच्या दोन वर्गांत हे बसणार नाही. पण बायकांच्या संडासाला आतून कडी आणि बाहेर दिवा, एवढं एका दुपारचं काम आहे.

विश्वामित्रीतल्या मगरींचं विचारलं नाहीत, तरी सांगायला हवं : पूर ओसरताना त्या डबक्यांत आणि कंपाउंडांत राहतात. गढूळ पाण्यात शक्यतो उतरू नका, रात्री तर जाऊच नका. दिसली तर दगड न मारता वनखात्याला कळवा.

प्रश्न : आमच्याकडे भांडी-पोछ्याला येणाऱ्या मावशींचं घर पुरात गेलं. जुने कपडे आणि एक साडी दिली. आणखी काय द्यावं?
— एक गृहिणी, वाघोडिया रोड

उत्तर : पहिली गोष्ट, जितके दिवस त्या आल्या नाहीत त्यांचे पैसे कापू नका, आणि तुमचा चिखल काढायला पहिल्याच दिवशी बोलावू नका, त्यांचाही काढायचा असतो. दुसरं, रोख. जुने कपडे सगळेच देतात, वस्तीत त्यांचे ढीग पडून सडतात. त्यांना काय लागतं ते त्यांनाच माहीत असतं : कधी शेगडी, कधी मुलाची पुस्तकं, कधी फक्त मागच्या उसनवारीचा हप्ता. बिनव्याजी उचल द्या, महिन्याला पगाराच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त कापायची नाही असं ठरवून. महिना ५ टक्क्यांच्या सावकाराकडे जाणं टळलं तर तीच सर्वांत मोठी मदत. वस्तूच द्यायची तर गॅसची नवी नळी आणि रेग्युलेटर द्या. पुरात बुडालेले परत वापरणं धोक्याचं असतं आणि पैसे नसले की लोक तेच वापरतात.

प्रश्न : माझी सीएनजी रिक्षा गळ्यापर्यंत बुडाली. विमा आहे, तरी कंपनी काही देत नाही म्हणते.
— एक रिक्षाचालक, तरसाली

उत्तर : पॉलिसीवर ‘थर्ड पार्टी’ किंवा ‘लायबिलिटी ओन्ली’ लिहिलं आहे का पाहा. असेल तर तो विमा तुमच्या रिक्षाने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरतो, तुमचं नाही. कायद्याने सक्तीचा तेवढाच, स्वस्तही तोच, म्हणून बहुतेक रिक्षांना तोच असतो. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ असेल तर पुराचं नुकसान बसतं, पण एक अट सांभाळा : बुडालेलं इंजिन सुरू करून पाहायचं नाही. आत पाणी असताना किक मारली की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि ते तुमच्या हाताने झालेलं नुकसान धरून क्लेम नाकारतात. बॅटरीची तार काढा, ढकलत किंवा टो करून न्या, सीएनजीची टाकी आणि व्हॉल्व्ह अधिकृत केंद्रात तपासून घ्या.

प्रश्न : पाणी उतरल्यावर आमच्या चाळीची जमिनीतली टाकी कशी साफ करायची? आणि गल्लीतला गाळ काढायला येणाऱ्या कंत्राटी सफाई कामगारांना तापाच्या गोळ्या द्याव्यात का?
— एक वाचक, वडसर

उत्तर : टाकीतलं सगळं पाणी काढून गाळ खरवडा, भिंती ब्रशने घासा. उतरण्याआधी झाकण निदान तासभर उघडं ठेवा आणि वर एक माणूस उभा असल्याशिवाय कोणी आत जायचं नाही. मग टाकी भरून, दर १,००० लिटरला साधारण १७० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर. ती सरळ टाकू नका : बादलीत कालवून चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ ओता. रात्रभर ठेवून सगळं सोडून द्या, हे पिण्याचं पाणी नव्हे. त्यानंतर भरलेल्या पाण्याला १,००० लिटरला अडीच ग्रॅम पुरतात, गढूळ असेल तर दुप्पट. अर्ध्या तासाने प्यायला घ्या. उघडं राहिलेलं पाकीट महिन्याभरात निम्मं निकामी होऊ शकतं, आणि माप बरोबर असूनही जुलाब होतात ते बऱ्याचदा त्यामुळे. शंका असेल तर उकळी फुटल्यावर एक मिनिट ठेवलेलं पाणीच प्या.

कामगारांबद्दल विचारलंत हे बरं केलंत. लेप्टोस्पायरोसिस उंदराच्या लघवीतून गाळात येतो आणि पायाच्या भेगांतून शरीरात शिरतो. प्रतिबंधाला डॉक्टर आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन देतात, जेवणानंतर. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना नाही. गोळ्या तुम्ही वाटू नका, आरोग्य केंद्राकडून मागवा. पण गोळीच्या आधी गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि रबरी हातमोजे, मापाचे. कंत्राटदार एकाच मापाचे बूट आणतो; मग ते काढून ठेवून माणूस अनवाणी गाळात उतरतो, कारण सैल बूट चिखलात रुततो. काम संपल्यावर हातपाय धुवायला साबण आणि एक बादली स्वच्छ पाणी तुमच्या चाळीनेच ठेवावं. पुढच्या पाच ते चौदा दिवसांत कोणाला ताप, डोळे लाल, पोटऱ्या दाबल्या की दुखतात असं झालं तर त्याला सरकारी दवाखान्यात पाठवताना चिठ्ठीवर ‘पुराच्या गाळात काम केलं’ असं लिहून द्या. तो स्वतः बहुधा ‘ताप आलाय’ एवढंच सांगेल आणि क्रोसिन घेऊन दुसऱ्या दिवशी कामावर जाईल, कारण त्याचा रोज आजारपणाच्या दिवशी मिळत नाही.